परक्या नजरेखालून

गेल्या पावसाळ्यांत एका दुपारीं आमच्या एका विद्यार्थिनीनें आमच्या टेबलावर तीन छापील कागद आणून ठेवले. कागदांवरील मजकूर आमचाच होता. सुमारें सोळा वर्षांपूर्वीं पावसाच्या आंकड्यांची बेरीज नि सरासरी काढण्याकरितां आम्हीं पायथन नांवाच्या संगणकीय भाषेंत सव्वाशें ओळींची एक आज्ञावली लिहिली होती. हल्लींचीं मुलें अशा लिखाणास नुसतें ‘कोड’ म्हणतात. ती तिनें छापून काढली होती आणि समासांत शिसपेन्सिलीनें प्रश्नचिन्हें घातलीं होतीं. आम्हीं तीं मोजलीं, अकरा भरलीं. दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या समासांत अशीं चिन्हें काढण्यांत ज्याचीं अठ्ठावीस वर्षें गेलीं, त्याला तीं स्वतःच्या लिखाणाशेजारीं पाहून काय वाटतें, हें आमच्या व्यवसायबंधूंस निराळें सांगावयास नको.

त्या आज्ञावलीचा पूर्ववृत्तांत असा. आम्ही संख्याशास्त्र शिकवितों. एका तालुक्याच्या कचेरींतील पर्जन्यमापकाच्या जुन्या वह्या आमच्या हातीं आल्या आणि मोसमी पाऊस कमी होत आहे कीं काय, हें त्यांवरून पाहावें, अशी हौस आम्हांस झाली. वह्या लिहिणारा कारकून काटकसरी होता. ज्या दिवशीं पाऊस नाहीं त्या दिवसाचा रकाना तो कोरा सोडी. कोरड्या आभाळाखालीं रोज शून्य काढीत बसण्याचें त्याला प्रयोजन दिसलें नसावें. म्हणून आम्हीं आज्ञावलींत एक ओळ घातली कीं, रकाना कोरा दिसल्यास तेथें शून्य समजावें. त्या वह्यांपुरती ही ओळ अगदीं बरोबर होती, हें आम्ही आजही छातीला हात लावून सांगूं.

पुढें एका स्नेह्यानें ती आज्ञावली मागितली. आम्हीं दिली, विद्या दिल्यानें वाढते, हें आम्हीं लहानपणापासून ऐकलें होतें. त्यानें ती आपल्या विद्यार्थ्यांस दिली, विद्यार्थ्यांनीं मित्रांस. आमच्याच हाताखालच्या एकानें जिल्ह्यांतील एकोणीस केंद्रांचे तक्ते तिच्यांतून काढले आणि त्यांवर आपल्या प्रबंधाचें एक सबंध प्रकरण उभें केलें. त्याच तक्त्यांवर आम्हां दोघांच्या नांवानें एक लेखही प्रसिद्ध झाला. जिल्ह्याच्या पूर्वभागीं पाऊस निश्चितपणें उतरत चालला आहे, असा त्या लेखाचा निष्कर्ष होता. तो सर्वांच्या तोंडीं असलेल्या समजुतीशीं जुळता असल्यामुळें कोणाला त्याचें आश्चर्य वाटलें नाहीं. आम्हांला तर मुळींच नाहीं.

“सर, ही सव्विसावी ओळ कशाला आहे?” त्या मुलीनें विचारलें.

“अगं, कोऱ्या रकान्यांत शून्य घालायला.”

“पण ह्या एकोणीस केंद्रांच्या नोंदींत कोरडा दिवस असला तर तिथं शून्य लिहिलेलंच आहे. कोरा रकाना म्हणजे त्या दिवशीं नोंदच घेतलेली नाहीं. मग न घेतलेली नोंद आपण पाऊसच नव्हता अशी धरतों.”

हें तुला कसें सुचलें, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “माझं आजोळ त्यांतल्या एका केंद्राशेजारीं आहे. ज्या महिन्यांत ओढ्याला पूर येऊन मोरी वाहून गेली, त्या महिन्यांत आपल्या तक्त्यांत बावीस मिलिमीटर पाऊस दिसतो. रस्ताच बंद होता, सर. मोजायला जाणार कोण?”

म्हणजे जेथें पाऊस सर्वांत अधिक, तेथेंच आमच्या आज्ञावलीला अवर्षण दिसत होतें. शिवाय अलीकडच्या वर्षांत कित्येक केंद्रांवरील नोंदींत खंड वाढत गेले होते. जितके खंड अधिक, तितकीं शून्यें अधिक; आणि जितकीं शून्यें अधिक, तितका पाऊस कमी. आमच्या लेखांत उतरत चाललेला पाऊस पुष्कळ अंशीं नोंद ठेवणाऱ्यांचा उत्साह होता.

त्या क्षणीं आमच्या तोंडून जें उत्तर निघालें तें येथें लपवीत नाहीं. आम्हीं म्हटलें, “इतकीं वर्षें इतक्या लोकांनीं वापरली आहे, कोणाची तक्रार नाहीं.” ती कांहीं बोलली नाहीं. परंतु हें वाक्य उच्चारतांच त्यांतील पोकळपणा आमच्या कानांस जाणवला. इतक्या लोकांनीं ती वापरली होती हें खरें. वाचली एकानेंही नव्हती. प्रत्येकाची समजूत अशी कीं, आपल्या आधींच्यानें ती पाहिलीच असेल. आमचें नांव तिच्या माथ्यावर असल्यामुळें ती समजूत अधिकच दृढ झाली असावी, आणि आमची स्वतःची समजूत अशी कीं, इतके जण वापरतात त्या अर्थीं ती निर्दोष असलीच पाहिजे. ते आमच्यावर विसंबले, आम्ही त्यांच्यावर. सव्विसाव्या ओळीवर नजर ठेवणारा मधल्यामध्यें कोणीच उरला नाहीं.

असल्या गोष्टी मोठमोठ्या ठिकाणींही घडल्या आहेत, हें आम्हांस ठाऊक होतें. वर्गांत त्या आम्ही रस घेऊन सांगत असूं. ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानामधून युरोपचें ‘एरियन ५’ हें अग्निबाण-यान पहिल्यांदाच आकाशांत गेलें, आणि सुमारें चाळीस सेकंदांत त्याचे तुकडे झाले. दिशा नि गति सांगणाऱ्या यंत्रणेंतील आज्ञावली आधींच्या ‘एरियन ४’ वरून जशीच्या तशी उचललेली होती. आडव्या वेगाशीं निगडित असलेली एक मोठी संख्या सोळा अंशांच्या लहान घरांत बसविण्याची तींत योजना होती. त्या घरांत ३२७६७ पलीकडची संख्या मावत नाहीं. जुन्या यानाच्या मार्गावर तेवढी संख्या कधींच येत नसे, म्हणून तेथें पहारा ठेवला नव्हता. नवें यान अधिक वेगानें वळलें, संख्या मावेनाशी झाली आणि यंत्रणा बंद पडली. विशेष हें कीं, नव्या यानांत जमीन सोडल्यानंतर त्या गणिताची गरजही नव्हती. जुन्या घरांतली वस्तु म्हणून ती बरोबर आली होती. जॅक-लुई लिऑन्स ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-मंडळ बसलें, त्यानें हें सर्व बाहेर काढलें. आमची सव्विसावी ओळ आणि ही ओळ ह्यांचें गोत्र एकच. आपल्या घरांत दोन्ही शहाण्या. दुसऱ्याच्या घरांत गेल्यावर दोघींनींही घात केला.

परंतु ज्या गोष्टीनें आम्हांस खरोखर झोप येऊं दिली नाहीं, ती जेफ्री चँग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाची. जंतूंच्या पेशींतून औषधें बाहेर फेंकणाऱ्या प्रथिनांची घडण कशी असते, हें क्ष-किरणांच्या साहाय्यानें त्यानें दाखविलें होतें आणि त्या कामाचा मोठा गौरव झाला होता. २००६ सालीं स्वित्झर्लंडमधील दोघा संशोधकांनीं तशाच एका प्रथिनाची घडण प्रसिद्ध केली. ती ह्याच्या घडणीशीं जुळेना. चँगनें मागें वळून पाहिलें, तेव्हां आढळलें कीं, आपल्या प्रयोगशाळेंत वापरली जाणारी, आणि मुळांत दुसऱ्या प्रयोगशाळेकडून वारशानें आलेली एक लहानशी आज्ञावली आंकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल करीत होती. तेवढ्यानें साऱ्या चित्रांत उजव्याचें डावें झालें होतें. त्यानें पांच निबंध मागें घेतले. ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांस पूर्वीं हंसत हंसत सांगत असूं. ह्या मुलीनें कागद ठेवल्यावर त्या रात्रीं आम्ही अंथरुणावर पडून, त्या गृहस्थानें तो पत्रव्यवहार कोणत्या मनःस्थितींत केला असेल, याचा विचार करीत होतों.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिला विचारलें कीं, सव्विसाव्या ओळीपर्यंत पोंचावयास तुला किती वेळ लागला. ती संकोचली, मग म्हणाली, “तीन दिवस.” पंचवीस ओळींस तीन दिवस! कारण विचारतां तिनें कागद पुढें केला. आंकडे सांठविण्याच्या ठिकाणांना आम्हीं जीं नांवें दिलीं होतीं, तीं अशीं: एक्स, एक्स-एक, टेम्प, टेम्प-दोन, फायनल, आणि त्याच्याही पुढें फायनल-नवा. कोठें ओळ समासापासून दोन घरें आंत, कोठें सात. एका ठिकाणीं आम्हीं टीप लिहिली होती: ‘हें पुन्हां पाहणें.’ सोळा वर्षें तें पाहिलें गेलें नव्हतें.

येथपर्यंत आमचें मत असें होतें कीं, लिखाणाच्या बाह्य वळणाविषयींचे नियम हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. त्याच पायथन भाषेसाठीं गिडो व्हान रॉसम वगैरे मंडळींनीं २००१ सालींच ‘पेप ८’ नांवाची नियमावली तयार केली. ओळ चार घरें आंत घ्यावी, एका ओळींत ७९ पेक्षां अधिक अक्षरें नसावींत, नांवें अशीं द्यावींत, मोकळी जागा येथें सोडावी, असलें तींत पुष्कळ आहे. आम्हीं ती केव्हांच पाहिली होती आणि सोंवळ्या-ओंवळ्याचा प्रकार म्हणून बाजूस सारली होती. ती लिहिणारांना आंधळ्या एकसारखेपणाचा धोका कळत नव्हता असें नाहीं; त्यांनीं एका मथळ्याला एमर्सनच्या त्याविषयींच्या प्रसिद्ध उक्तीचाच आधार घेतला आहे. आम्हीं एमर्सन वाचला होता; त्याच्या खालचे नियम मात्र वाचले नव्हते. नियम लिहिणाराच्या सोयीसाठीं नसून वाचणाराच्या सोयीसाठीं असतात, हें आम्हांस तीन दिवस खर्ची घातलेल्या त्या मुलीच्या चेहऱ्यावर प्रथम दिसलें. साऱ्यांचें वळण एक असलें, म्हणजे डोळा वळणावर अडखळत नाहीं आणि जें खरोखर विचित्र आहे तेंच त्याला टोंचतें. जेथें प्रत्येक ओळच विचित्र, तेथें चुकलेली ओळ वेगळी दिसणार कशी?

ह्याचें सर्वांत बोलकें उदाहरण २०१४ सालचें आहे. ॲपल कंपनीच्या यंत्रांत, पलीकडचा संगणक ज्या नांवाचा म्हणवितो त्याच नांवाचा आहे काय, हें पारखणाऱ्या आज्ञावलींत एक ओळ चुकून दोनदां पडली. पहिली ओळ अटीखालची होती. दुसरीवर कोणतीही अट नव्हती, त्यामुळें पुढची पारख न होतांच दार उघडें राही. परंतु दोन्ही ओळी सारख्याच आंत घेतलेल्या असल्यानें दुसरीही अटीखालचीच भासे. अटीखालचा मजकूर नेहमीं महिरपी कंसांत बंदिस्त करावा, असा एक साधा नियम पुष्कळ ठिकाणीं पाळतात. तो तेथें पाळला असता, तर बहुधा ती जास्तीची ओळ निरुपद्रवी ठरली असती, किंवा निदान चटकन् नजरेस आली असती.

आतां वाचक हंसतील, कारण त्यांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, हा नियमांचा कैवारी स्वतः मात्र १९६२ सालीं साहित्य महामंडळाच्या नियमांनीं रजा दिलेले अनुस्वार अजून मिरवीत आहे. हा आरोप आम्हांस मान्य आहे. हें वळण आम्हीं वडिलांच्या पत्रांवरून उचललें, आणि ‘ती आली’ व ‘तीं आलीं’ ह्यांतला भेद डोळ्यांना दिसावा, हा लोभ आमच्यानें सुटत नाहीं. परंतु निबंध एकट्याचा असतो. त्याचीं दहा वाक्यें उचलून कोणी आपलें धरण बांधीत नाहीं. परीक्षेच्या मंडळावर बसलों कीं आम्ही निमूटपणें सर्वांचे नियम पाळतों. आज्ञावली एकदां दुसऱ्याच्या हातीं दिली, कीं ती मंडळावर जाऊन बसते.

आमचे एक सहकारी आहेत, त्यांना हें सारें पसंत नाहीं. ते म्हणतात, “अहो, अशानें कोणी कोणाला कांहीं देणारच नाहीं. फाटकें धोतर दिसेल म्हणून माणूस घराबाहेर पडायचा नाहीं.” ही हरकत आम्ही क्षुल्लक समजत नाहीं. आपलें लिखाण ओबडधोबड आहे ह्या लाजेनेंच कित्येक चांगले संशोधक तें पेटींत ठेवतात. निक बार्न्स ह्या गृहस्थानें २०१० सालीं ‘नेचर’ ह्या साप्ताहिकांत हीच गोष्ट मांडून, जें आहे तें आहे तसें प्रसिद्ध करा, तेवढेंही पुरेसें चांगलें असतें, अशी संशोधकांस विनवणी केली होती. आम्ही तिच्याशीं सहमत आहों. दडविलेलें कोणास तपासतां येत नाहीं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० सालच्या निबंधांत, राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणें ०.१ टक्का दाखविली होती. २०१३ सालीं थॉमस हर्नडन ह्या विद्यार्थ्यानें त्यांच्याकडे मूळ तक्ता मागितला, त्यांनीं तो दिला, आणि त्यांत पांच देश बेरजेच्या सूत्राबाहेर राहिल्याचें दिसलें. हर्नडन नि त्याचे अध्यापक ह्यांचा आंकडा २.२ आला. ह्या अंतरांत सूत्राच्या चुकीचा वांटा लहान होता. बाकीचा भाग कोणतीं वर्षें धरावींत आणि कोणाला किती वजन द्यावें, ह्या वादाचा होता, आणि त्यांत मूळ लेखकांनीं हार मानली नाहीं. पण चूक त्यांनीं कबूल केली. तक्ता त्यांनीं पेटींतच ठेवला असता, तर वाद कशावर घालावयाचा, हेंही कोणास कळलें नसतें.

तेव्हां देण्याआधीं कोणास अडवूं नये, हें सहकाऱ्यांचें म्हणणें आम्हीं मान्य केलें. परंतु त्या आज्ञावलीवर प्रबंध, लेख किंवा धरण उभें करण्याआधीं, ती लिहिणाराहून निराळ्या माणसानें ओळीनें वाचलीच पाहिजे, ह्यांत आम्ही तडजोड करणार नाहीं. वळणाचे नियम यंत्रावर सोंपवावेत. ‘गो’ नांवाच्या भाषेबरोबर तर हें काम करणारें साधनच मिळतें, आणि ओळ किती आंत घ्यावी ह्यावर त्या मंडळींत भांडण उरत नाहीं. ह्याचा लाभ असा कीं, वाचणारा माणूस अर्थाकडे पाहावयास मोकळा होतो. नाहींतर आमच्या उत्तरपत्रिकांच्या फेरतपासणीसारखी गत होते. गुणांची बेरीज तेवढी पुन्हां करून पाहतात, उत्तर कोणी वाचीत नाहीं.

हें तपासण्याचें काम कंटाळवाणें आहे आणि आमच्या विद्यापीठीय व्यवहारांत त्याला कवडीचें श्रेय नाहीं. लेख लिहिल्यास गुण मिळतात. दुसऱ्याच्या सव्वाशें ओळी वाचल्यास कोठल्याही तक्त्यांत रकाना नाहीं. तथापि हें काम हलकें आहे, असें मराठी माणसानें तरी म्हणूं नये. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें सिद्ध झाली. पुढें जवळजवळ तीनशें वर्षें ती हातोहात उतरली गेली. प्रत्येक नकलणारा श्रद्धाळू, आणि कित्येकांची श्रद्धा स्वतःची ओवी घालण्यापर्यंत वाढलेली. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं निरनिराळे पाठ पाहून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढें कोणीं आपली ओवी तींत घालूं नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. ज्याची स्वतःची ग्रंथरचना एवढी अफाट, त्यानें आपलें लिहिणें बाजूस ठेवून दुसऱ्याच्या ओळी तपासल्या.

आमच्या हकीकतींतला अवघड भाग ह्यानंतरचा. प्रबंध लिहिणारा आमचा तो विद्यार्थी आतां दुसऱ्या जिल्ह्यांत अध्यापक आहे. त्याला पत्र लिहावें कीं दूरध्वनि करावा, ह्यांत आम्हीं चार दिवस घालविले. अखेर दूरध्वनि केला. आम्ही सांगत होतों तोंवर तो नुसता “हो, सर” म्हणत होता. सांगून झाल्यावर थोडा वेळ कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग त्यानें विचारलें, “सर, ती ओळ तुमची होती ना?” आम्हीं हो म्हटलें. “मी ती कधीं उघडून पाहिली नाहीं,” तो म्हणाला; “तुमची आहे म्हणून.” ह्या वाक्यांत दोष कोणाला दिला होता, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

गणित पुन्हां केलें. पूर्वभागांतील सहा केंद्रांपैकीं दोहोंत पाऊस किंचित् उतरलेला दिसतो. उरलेल्या चारांत कांहींही निश्चित म्हणतां येत नाहीं. तसें दुरुस्तीपत्र आम्हीं दोघांच्या सहीनें त्या नियतकालिकाकडे धाडलें आहे. आज्ञावली ज्यांच्याकडे गेली असें आठवलें, त्या नऊ जणांस पत्रें लिहिलीं; सहांचीं उत्तरें आलीं. त्यांच्याकडून ती पुढें कोणाकोणाकडे गेली, ह्याचा हिशेब कोणाजवळच नाहीं.

नवी आज्ञावली त्या मुलीनें लिहिली आहे. नांवें अशीं आहेत कीं, तीं वाचूनच कोणता आंकडा कोठें आहे तें कळावें. तपासावयास तिनें ती आमच्याकडे दिली, आणि आम्हींही शिसपेन्सिल घेऊन समासांत सात प्रश्नचिन्हें घातलीं. पैकीं पांच तिनें मान्य केलीं, एक खोडून काढलें आणि तें तिनें बरोबरच खोडलें. सातवें राहिलें आहे. महिन्यांत किती दिवसांच्या नोंदी नसल्यास तो सबंध महिना गणतींतून गाळावा, हा तो प्रश्न. आमचें म्हणणें, तीन दिवस. ती म्हणते, पांच. तीन धरले तर तिच्या आजोळचें केंद्र दर पावसाळ्यांत गळतें. उद्यां अकरा वाजतां ती पुन्हां येणार आहे.